खेळकर्त्यांची समस्यापूर्ती

वसंत ऋतूतील व्याख्यानांत इतिहासाचा विषय म्हटला की देवगिरीचे यादव, निजामाची राजवट किंवा गोदाकाठची संतमंडळी ह्यांपैकी काही तरी कानावर पडणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. आम्ही मात्र येथे अशा एका चालीचा इतिहास मांडणार आहोत की जिचे नाव ऐकून कित्येकांना ती फळांच्या मुरंब्याची गोष्ट वाटेल. ह्या चालीला ‘गेम जॅम’ म्हणतात. हा ‘जॅम’ शब्द मुरंब्यातला नव्हे आणि रस्त्यावरच्या वाहनांच्या खोळंब्यातलाही नव्हे. अमेरिकेतील जाझ वादकांची बिदागीची बैठक आटोपली, गिऱ्हाइके घरी गेली, म्हणजे उत्तररात्री ते आपल्यापुरते एकत्र बसून आयत्या वेळी सुचेल ते वाजवीत; त्या बैठकीला ते जॅम म्हणत. तोच शब्द पुढे संगणकावरील खेळ रचणाऱ्यांनी उचलला.

चाल अशी आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घटकेला एक विषय जाहीर होतो. त्या क्षणापासून अठ्ठेचाळीस तासांत, कोठे चोवीस तर कोठे बहात्तर तासांत, त्या विषयावर एक अगदी नवा खेळ रचावयाचा. चित्रे, आवाज, नियम, आज्ञावली, सारे त्या मुदतीत. मुदत संपली की सर्वांचे खेळ सर्वांपुढे मांडले जातात आणि मग दुसरा अंक सुरू होतो: जे रचणारे होते तेच आता परीक्षक होतात, एकमेकांचे खेळ खेळतात आणि त्यांवर अभिप्राय लिहितात. आमचे लक्ष पहिल्या अंकापेक्षा ह्या दुसऱ्या अंकाकडे अधिक आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. हल्ली ‘ऑनलाइन गेम’ हे शब्द उच्चारले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, कारण ह्या नावाखाली पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या डावांनी कित्येक संसार धुळीला मिळविले. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्याच कायद्यात ई-क्रीडा आणि करमणुकीचे व शिक्षणाचे खेळ वेगळे काढून त्यांना उत्तेजन देण्याची तरतूद केली. हा भेद आम्हांला मान्य आहे, पण आम्ही आणखी एक भेद करू इच्छितो. तो म्हणजे खेळ खेळणारा आणि खेळ रचणारा ह्यांच्यातला. दिवसभर मोबाइलवर बोटे चालविणारा मुलगा आणि त्याच मोबाइलवर दुसऱ्याने काय करावे ह्याचे नियम बसविणारा मुलगा ह्या दोघांना एकाच मापाने मोजणे म्हणजे नाटकाला जाणारा आणि नाटक लिहिणारा ह्यांना एकच समजणे होय.

खेळ रचण्याची कला आपल्या मुलखाला अपरिचित होती असे मात्र कोणी समजू नये. मराठवाडा ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली होता, त्यांच्यापैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या विनोदांचे आणि क्रीडांचे स्वतंत्र भाग आहेत. महाराष्ट्रातील लेण्यांच्या आणि जुन्या देवळांच्या फरशीवर कोरलेले पट आजही दिसतात. साप-शिडीचा पूर्वज जो मोक्षपट तो तर परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर घातला आहे. ही परंपरा इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते हा प्रश्न वेगळा, पण खेळाच्या पटातून पाप-पुण्याचा विचार सांगता येतो हे मराठी माणसाला फार पूर्वी सुचले होते एवढे त्यावरून खास दिसते. मात्र सारीपाट कोणी रचला, पटावर फुली कोठे असावी हे कोणी ठरविले, ह्याचा पत्ता नाही. ज्याचा कर्ता माहीत नाही त्या कृतीची समीक्षा होत नाही. ती फक्त वापरली जाते.

समीक्षा झाली ती शब्दांच्या खेळांची. आणि गेम जॅमचे खरे पूर्वज आम्हांला सापडतात ते पटांवर नव्हे, शब्दांतच.

वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘काव्यसमस्यापूरण’ ही एक कला सांगितली आहे. त्याच यादीत ‘प्रतिमाला’ आहे, म्हणजे आपल्या भेंड्या. आणि ‘प्रहेलिका’ आहे, म्हणजे उखाणे-कोडी. समस्यापूरणात श्लोकाचा एक चरण दिला जातो, बहुधा अर्थाला आडवा जाणारा, आणि उरलेले चरण कवीने तेथल्या तेथे रचून तो अडलेला अर्थ सोडवावयाचा. चरण परका, वृत्त ठरलेले, वेळ थोडा. हे तीन बंध घातल्यावर कवीपाशी काय शिल्लक राहते ते पाहण्याचा हा प्रकार आहे. भोज-कालिदासाच्या ज्या गोष्टी आपल्याकडे सांगितल्या जातात त्यांतील निम्म्या ह्याच जातीच्या आहेत. त्या खऱ्या असणे शक्य नाही, पण लोकांना कवीची कोणती परीक्षा आवडे ते त्यांवरून कळते.

आता निजामी अमलाकडे वळू. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या काळाच्या कडू आठवणी ह्या भागात कमी नाहीत. शाळेत मराठीला दुय्यम स्थान, कचेरीत उर्दू, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दू. परंतु त्याच राजवटीत ह्या मुलखाने एक फार सुंदर रीत पाहिली, ती म्हणजे तरही मुशायरा. ह्या मुशायऱ्यात एक मिसरा, म्हणजे गझलेची एक ओळ, आगाऊ जाहीर होते. त्या ओळीबरोबर वृत्त ठरते, काफिया म्हणजे यमक ठरते, आणि शेवटी परत परत येणारा रदीफही ठरतो. मग गावोगावचे शायर त्या साच्यात आपापली गझल रचून आणतात आणि एकाच बैठकीत एकामागून एक म्हणतात. दिलेल्या ओळीला आपली ओळ जोडून शेर पुरा करणे ह्याला ‘गिरह लावणे’ म्हणतात. गिरह म्हणजे गाठ. गाठ कोणाची कशी बसली हे पाहण्यासाठी सारी मंडळी कान टवकारून असतात.

ह्या रीतीची खुबी विषय एकच असण्यात आहे. निरनिराळ्या विषयांवरच्या दहा गझला ऐकल्या तर त्यांची तुलना करणे अवघड. विषयाचा मोह मध्ये येतो. परंतु एकाच ओळीला दहा जणांनी दहा गाठी मारल्या की ज्याने सोपा मार्ग धरला तो उघडा पडतो आणि ज्याला दूरचे सुचले त्याला आपोआप दाद जाते. शिवाय श्रोत्यांत पहिल्या रांगेत बसलेले बहुतेक स्वतः शायर असतात. त्यांनीही तीच ओळ घेऊन चार रात्री डोके खाजविलेले असते. अशा माणसाची ‘वाहवा’ आणि रस्त्याने जाणाऱ्याची ‘वाहवा’ ह्यांत जो फरक आहे, तो आमच्या मते ह्या सर्व विषयाचे मर्म होय.

मराठीतही ह्या जातीची चाल होती. कलगी-तुऱ्याच्या फडांत शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले समोरासमोर उभे राहत. एकाने कूट सवाल टाकावा आणि दुसऱ्याने डफाच्या ठेक्यावर उभ्या उभ्या जबाब जुळवावा. त्यात मुदत तर अठ्ठेचाळीस तास सोडाच, अठ्ठेचाळीस श्वासांचीही नसे. पण कलगी-तुऱ्यात हरविण्याची ईर्ष्या मोठी. ज्या चालीत हरविणे नाही, नुसते बरोबर रचणे आहे, ती पाहावयाची तर जात्याकडे गेले पाहिजे. गंगाखेडची जनाबाई ह्याच जिल्ह्याची. तिच्या नावाने ज्या ओव्या बायकांनी दळताना गाइल्या, त्या साऱ्या तिच्या नव्हेत. एकीने एक ओवी म्हणावी, समोर खुंट्याला हात लावलेल्या दुसरीने तिला पुढची जोडावी, आणि जोडलेली चांगली असली तर ती घराबाहेर पडून दुसऱ्या जात्यावर जावी. समीक्षा येथेही होतीच, फक्त ती मुकाट्याने होई: नापसंत ओवी पुन्हा कोणी म्हणत नसे.

इतकी पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे मार्च २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड गावी जे घडले त्याचे नवल वाटणार नाही. तोवर संगणकावरील खेळांचा धंदा फार मोठा झाला होता. एकेका खेळावर शेकडो माणसे काही वर्षे राबत, कोट्यवधी डॉलर ओतले जात, आणि म्हणून कोणीही नवी कल्पना आजमावून पाहण्यास धजत नसे. पैसा फार लागला की धाडस कमी होते. हे चित्रपटाच्या धंद्यात आपण पाहिलेलेच आहे. ख्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांचे मित्र अशी चौदा आज्ञावलीकार मंडळी चार दिवस एकत्र बसली. पडद्यावर एक लाख लहान आकृत्या एकदम हलविता येतील असे एक यंत्र, म्हणजे आज्ञावलीचा तयार सांगाडा, त्यांनी आधी करून ठेवला होता. ह्या लाख आकृत्यांचे काय करता येईल ते ज्याने त्याने पाहावे, एवढाच मिसरा. चार दिवसांत बारा खेळ झाले. त्यांतले बरेचसे ओबडधोबड होते, पण लगेच सॅन होसे येथे भरलेल्या खेळकर्त्यांच्या परिषदेत ते दाखविण्यात आले, म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रेक्षक कोण असावा हे ठरलेले होते: धंद्यातलाच दुसरा कारागीर.

त्याच वर्षीच्या एप्रिलात जेफ हॉवलंड ह्याने ‘लुडम डेअर’ सुरू केले. हे लॅटिन शब्द आहेत, अर्थ ‘खेळ देणे’. ओकलंडला जमण्यासाठी ओकलंडला जावे लागले. लुडम डेअरला कोठेही जाणे नको, आपापल्या घरी बसून भाग घ्यावा. पहिली खेप चोवीस तासांची होती, पुढे अठ्ठेचाळीसांची झाली. एकट्याने सर्व काही शून्यापासून रचावे आणि आपली आज्ञावलीही सर्वांना पाहण्यास खुली ठेवावी असा कडक नियम होता. २०१० पासून ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी बहात्तर तासांचा, जोडीदार घेता येईल असा सैल प्रकारही जोडला गेला. विषय सभासदच सुचवितात आणि मताने निवडतात. बक्षीस नाही. रचलेला खेळ तुमचा, हेच बक्षीस.

बक्षीस नाही, प्रायोजक नाही, मानधन घेणारे परीक्षक नाहीत. मग निवाडा कोणी करावयाचा? लुडम डेअरने ह्याचे उत्तर व्यवहाराने दिले. मुदत संपल्यावर सुमारे तीन आठवडे भाग घेणाऱ्यांनीच एकमेकांचे खेळ खेळून गुण द्यावयाचे. गुणही एकाच आकड्यात नाहीत: एकूण परिणाम, मजा, नावीन्य, विषयाशी इमान, चित्रे, आवाज, विनोद आणि एकंदर वातावरण अशी निरनिराळी सदरे. ज्याने दुसऱ्यांचे खेळ अधिक पाहिले त्याचा खेळ यादीत वर येतो, म्हणून अधिक जणांच्या नजरेस पडतो. ज्याने आपला खेळ टाकून पाठ फिरविली त्याचा खेळ तळाशी जातो. पुढे असाही दंडक झाला की निदान वीस जणांचे गुण मिळाल्याखेरीज क्रमांकच लागणार नाही. पंगतीत जेवावयाचे तर वाढावयासही उठले पाहिजे, असा हा सरळ हिशेब आहे, आणि मोठमोठ्या अकादमींना जे जमले नाही ते ह्या हिशेबाने जमले. शेवटच्या माणसाचाही खेळ कोणी तरी खेळून पाहतो.

२००६ पासून कोपनहेगनला ‘नॉर्डिक गेम जॅम’ भरू लागला होता. त्याच्यावरून स्फूर्ती घेऊन सूझन गोल्ड, इयान श्रायबर, गॉर्म लाय, फोआद खोसमूद ह्यांनी ‘ग्लोबल गेम जॅम’ उभा केला. ३० जानेवारी ते १ फेब्रुवारी २००९ ह्या तीन दिवसांत २३ देशांतील ५३ केंद्रांवर सोळाशेपन्नास माणसे बसली आणि ३७० खेळ तयार झाले. येथे घरी बसणे नव्हते. गावात केंद्र असते, बहुधा एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा, आणि तेथेच रचणे, खाणे, पेंगणे. ज्या देशात सूर्य आधी उगवतो तेथे विषय आधी कळे, म्हणून पश्चिमेकडील मंडळींच्या कानी तो जाऊ नये ह्यासाठी गुप्ततेची शपथ असे. विषयही कधी शब्दांत असतो, कधी नसतो. २०१२ साली स्वतःची शेपटी गिळणाऱ्या सापाचे चित्र दिले होते. २०१३ साली शब्द नाही, चित्र नाही, फक्त हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकविला. त्या आवाजावरून लंडनच्या बोसा स्टुडिओतील मंडळींनी अठ्ठेचाळीस तासांत एका अत्यंत धसमुसळ्या शस्त्रवैद्याचा खेळ रचला, ज्यात एका हाताची बोटे एकेक करून हलवून रोग्याचे हृदय बदलावयाचे असते आणि दर वेळी घड्याळ किंवा हातोडा रोग्याच्या छातीत पडतो. त्याच वर्षी तो खेळ पूर्ण होऊन बाजारात आला आणि जगभर गाजला. हा गिरह लावण्याचा उत्तम नमुना होय.

दुसरा नमुना आम्हांला अधिक प्रिय आहे. २०१७ च्या नॉर्डिक जॅममध्ये ‘तेथे नाही’ अशा अर्थाचा विषय होता. आर्वी तैकारी ह्या फिनलंडच्या तरुणाने असा खेळ केला की त्यात खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांच्या रूपाने पटावर पडलेले असतात. ‘भिंत अडविते’ असे तीन-चार ठोकळे ओळीने असतील तोवर भिंत अडविते. त्यांतला एक ठोकळा ढकलून बाजूला केला की नियम मोडतो आणि भिंतीतून आरपार जाता येते. ह्या खेळाला तेथे पहिले स्थान मिळाले आणि २०१९ साली तो ‘बाबा इज यू’ ह्या नावाने पुरा होऊन निघाला. व्याकरण हे खेळणे होऊ शकते हे पाणिनीच्या देशात सांगावे लागू नये, पण ते करून दाखविले फिनलंडने. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी ह्यांनी चार दिवसांत रचलेला ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढण्याचा लहानसा खेळही असाच वाढून २०१८ मध्ये मोठा झाला.

आता अभिप्रायाकडे येऊ, कारण सारे बरे-वाईट येथेच आहे.

दहाव्या शतकाच्या तोंडाशी कनोजच्या दरबारात राजशेखर नावाचा कवी होऊन गेला. घराणे यायावरांचे, आपल्या पणज्याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो, तेव्हा तो आपल्याकडचाच समजण्यास हरकत नाही. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले आहेत: रचणाऱ्याची ती कारयित्री आणि आस्वाद घेणाऱ्याची ती भावयित्री. ह्या दोन्ही एकाच माणसात असू शकतात काय, ह्यावर त्याने मतमतांतरे दिली आहेत. पुढे तो परीक्षकांचे चार वर्ग पाडतो. पहिला अरोचकी, म्हणजे ज्याला काही रुचतच नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे धान्याबरोबर गवतही खाणारा. त्याला सगळेच गोड. तिसरा मत्सरी. चौथा तत्त्वाभिनिवेशी, जो खरे काय ते शोधत असतो आणि म्हणून हजारांत एखादाच सापडावयाचा.

अकराशे वर्षांनंतरच्या गेम जॅममध्ये हे चारही गृहस्थ जसेच्या तसे हजर असतात. अरोचकी तेथे फार टिकत नाही, कारण स्वतः दोन रात्री जागलेल्या माणसाला सगळेच टाकाऊ म्हणण्याचा धीर होत नाही. मत्सरीही फारसा फावत नाही. बक्षीसच नसल्यामुळे दुसऱ्याचा क्रमांक खाली ओढून त्याच्या पदरात पडणार काय? जोर असतो तो दुसऱ्याचा, गवत खाणाऱ्याचा. देवाणघेवाणीच्या नियमाचेच हे उलटे फळ आहे. मला माझ्या खेळावर अभिप्राय हवे आहेत, त्यासाठी मी पन्नास खेळांवर लिहिले पाहिजे, मग दोन-दोन मिनिटे खेळून ‘फार छान, चित्रे आवडली’ असे पन्नास ठिकाणी लिहून मोकळा होतो. आणि तेही माझ्याकडे येऊन तसेच लिहून जातात. उंटाच्या लग्नात गाढव गावयास आले आणि दोघांनी एकमेकांच्या रूपाची व गळ्याची तारीफ केली, ही संस्कृतातली जुनी थट्टा येथे तंतोतंत लागू पडते. कडक टीकेने जितके नवशिके बुडत नसतील तितके ह्या गोड बोलण्याने बुडतात असे आम्हांला वाटते, कारण आपल्याला काय येत नाही हे त्यांना कोणी सांगतच नाही.

मग चांगला अभिप्राय कसा असतो? उर्दूत त्याला ‘इस्लाह’ असा शब्द आहे, म्हणजे दुरुस्ती. शागिर्दाने गझल उस्तादापुढे ठेवावी आणि उस्तादाने शब्द न् शब्द तपासून परत करावी. ह्या कलेतला मोठा उस्ताद दाग देहलवी आपल्याच जुन्या संस्थानाच्या राजधानीत, हैदराबादेत, निजामाचा गुरू म्हणून राहत होता आणि १९०५ साली तेथेच वारला. त्याचे शागिर्द देशभर पसरले होते. ते टपालाने गझला धाडीत आणि तो टपालानेच दुरुस्त करून पाठवी. पंजाबातला तरुण इक्बाल हा त्यांच्यापैकी एक. ‘फार छान’ एवढेच लिहून पाठविणाऱ्या उस्तादाला कोणी पोस्टाचे तिकीट खर्चून गझल धाडली नसती.

खेळाचा इस्लाह ह्याहून जरा निराळा पडतो. कविता चुकली तर ती कोठे चुकली हे ओळीवर बोट ठेवून दाखविता येते. खेळ चुकतो तो खेळणाऱ्याच्या हातात. रचणाऱ्याला तो चुकलेला दिसतच नाही, कारण किल्ली कोठे ठेवली आहे हे त्याला ठाऊक असते. म्हणून सोबत्याने खरोखर उपयोगाचे असे जे लिहावयाचे ते साधे असते: दार ढकलून उघडते हे कळायला मला तीन मिनिटे लागली, दुसऱ्या उडीला मी सात वेळा पडलो आणि सातव्यांदा राग आला तो स्वतःचा नव्हे, खेळाचा, आवाज बंद करून खेळलो तर इशारा कळतच नाही. ह्यात स्तुती नाही, निंदाही नाही, हकीकत आहे. आणि ही हकीकत तोच नीट देऊ शकतो ज्याने स्वतः दार बसविले आहे, उडीची लांबी मोजली आहे. समोरासमोरच्या केंद्रात तर ह्याहून चांगली रीत आहे. सोबत्याच्या हाती खेळ द्यावा आणि रचणाऱ्याने मागे उभे राहून तोंड मिटावे. समजावून सांगण्याची जी उबळ येते ती जेथे जेथे येते, तेथे तेथे खेळ अपुरा आहे.

ह्या चालीचे दोष आम्ही झाकणार नाही. सलग जागरण हा काही पराक्रम नव्हे, आणि झोप मोडून रचलेले सोमवारी सकाळी रचणाऱ्यालाच ओळखू येत नाही. दोन मिनिटांत चटकन भुरळ घालणारे खेळ पुढे जातात. ज्याची गोडी अर्ध्या तासाने लागते तो मागे राहतो. विनोदी कल्पना भाव खाते, गंभीर कल्पनेला वाचकच मिळत नाही. तरही मुशायऱ्यावरही जाणकारांचा हाच आक्षेप होता, की गाठ मारण्याच्या कौशल्यापायी मनातले सांगणे राहून जाते. तो खरा आहे. पण तरहीत कोणी दीवान पुरा करीत नाही. तो हात साफ करण्याचा आखाडा आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ ह्या छोट्या मंडळीने ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणाचा खेळ २०२० साली जगापुढे आणला, तो दोन दिवसांचा नव्हे, काही वर्षांच्या कष्टाचा होता. त्याच पुण्यात नॅसकॉमची खेळकर्त्यांची परिषद काही वर्षे भरली, आणि तिच्या आगेमागे ‘बिल्ड युअर ओन गेम’ नावाचा जॅम देशभरच्या हौशी-धंदेवाईकांसाठी होत असे. आखाडा आणि कुस्ती अशी दोन्ही अंगे पुण्या-मुंबईला, बंगळूर-हैदराबादला आहेत.

परभणीला काय? हा प्रश्न आम्हांला टाळावयाचा नाही. ह्याच जिल्ह्यातल्या सातोन्याचे बी. रघुनाथ परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी करीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले. ७ सप्टेंबर १९५३ रोजी चाळिशीतच त्यांचे निधन झाले, आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा संग्रह निघाला तो १९५५ साली. आज परभणीत त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते; १९९५ साली नारायण सुर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही ह्याच गावी भरले. पण बी. रघुनाथ लिहीत होते तेव्हा मराठी साहित्याची पेठ पुण्या-मुंबईला होती आणि निजामाच्या हद्दीपलीकडून तिकडे पोचणे हे हस्तलिखिताच्या नशिबावर अवलंबून होते. जिल्ह्याच्या गावी राहून रचणाऱ्याला कागद मिळतो, शाई मिळते, वेळही मिळतो. मिळत नाही तो बरोबरीचा माणूस, जो त्याच कामात स्वतः हात घालून बसला आहे आणि म्हणून ‘येथे गाठ सैल आहे’ असे सांगू शकतो.

खेळ रचणाऱ्या आजच्या तरुणाची अडचण नेमकी हीच आहे, आणि हीच तेवढी अडचण आहे. साधनांची आता उरली नाही. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर ह्यांनी तयार केलेले ‘गोडो’ नावाचे यंत्र २०१४ पासून सर्वांना फुकट आणि खुले आहे. साध्या संगणकावर चालते. पोलंडच्या एका जॅममध्ये तर २०१२ पासून नियमच असा आहे की सबंध खेळ तेरा किलोबाइटांत बसला पाहिजे. मोबाइलवर काढलेला एक फोटो ह्याच्या शंभरपट भरतो. तेव्हा महागडे यंत्र नाही ही सबब चालणार नाही. जिंतूरच्या किंवा सेलूच्या मुलाने रविवारी रात्री आपला खेळ मांडला तर सोमवारी ब्राझीलमधला कोणी तो खेळून दोन ओळी लिहितो. ह्या मुलाला बी. रघुनाथांना न मिळालेली पेठ मिळाली आहे.

तरी एक उणीव राहते. त्या दोन ओळी इंग्रजीत असतात, आणि खेळातले घर, झाड, देऊळ, पोळ्याचे बैल परक्याला कळावेत म्हणून मुलगा ते आधीच पुसून टाकतो. पाथरीच्या बाजारात चालणारा विनोद त्याच्या खेळात येत नाही. आला तर अभिप्रायवाला ‘हे समजले नाही’ असे लिहितो, आणि प्रामाणिकपणे लिहितो. दूरचा सोबती दाराची किल्ली सापडली नाही हे सांगू शकेल. बैलाच्या शिंगाला लावलेला रंग चुकला आहे हे त्याला सांगता येणार नाही. त्यासाठी गावातच आठ-दहा जण हवेत.

ग्लोबल गेम जॅम जानेवारीच्या अखेरीस येतो. त्याचे केंद्र म्हणून कोणतेही महाविद्यालय वा संस्था नाव नोंदवू शकते. परभणीत, गंगाखेडला, सेलूला महाविद्यालयांच्या संगणक-प्रयोगशाळा शनिवारी दुपारी कुलूप लावून सोमवारपर्यंत बंद असतात. लागते ते एवढेच: ती किल्ली, अखंड वीज किंवा निदान एक बॅटरी, रात्री चहा करून देणारा कोणी तरी, एक जबाबदार शिक्षक, झोपण्यासाठी सतरंज्या, आणि रविवारी संध्याकाळी प्रत्येकाचा खेळ प्रत्येकाने खेळून पाहीपर्यंत कोणीही घरी जावयाचे नाही असा नियम.